संशयी चंपतराव आणि आमची मैना

चंपतराव भोयर दुधाचा वास घेतल्याशिवाय चहा करू देत नसत. दूध घरच्या गाईचं असलं तरी. रिक्षात बसण्याआधी ते चाकाला एक लाथ मारून पाहत. संत्री घ्यायला गेले की ढिगाच्या तळातलंच फळ सोलायला लावत. रस्त्यात कुणी हसून नमस्कार केला, तर उलट नमस्कार करायच्या आधी विचारत, "काहून?" हॉटेलात त्यांची जागा ठरलेली, जिथून भटारखान्यातलं सगळं दिसेल अशी. स्वतःच्या लग्नात म्हणे त्यांनी भटजींकडून पंचांग मागून घेतलं आणि मुहूर्त पुन्हा ताडून पाहिला. तोवर अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले होते. ही गोष्ट त्यांच्या पत्नी यमुताई सांगत आणि सांगताना दर वेळी नव्यानं चिडत.

असा माणूस नागपुरात विमान चालवायला शिकवायचा आणि मी त्यांची विद्यार्थिनी होते. सत्तर सालानंतरची दोन-चार वर्षं धरा. मी एका शाळेत भूगोल शिकवत होते. उजाडताच सायकल मारत क्लबवर जायचं, विमान उडवायचं आणि घंटेच्या आत वर्गात येऊन मुलींना वारे आणि पर्जन्य शिकवायचं. शाळेतल्या बाया म्हणत, शोभाला लग्न करायचं नाही म्हणून ती आकाशात पळते. म्हणोत बापड्या.

आमचा क्लब म्हणजे शहराबाहेर पत्र्याचा एक हँगर, एक धावपट्टी, एक कडुनिंब आणि दोन विमानं. त्यातलं एक दुरुस्तीसाठी कायम उघडून ठेवलेलं असायचं. जे उडायचं त्याला आम्ही मैना म्हणायचो. दोन माणसांपुरतं, कापडी अंगाचं, डोक्यावर पंख असलेलं विमान. पेट्रोलची टाकी त्या पंखातच. पेट्रोल भरायचं तर शिडीवर चढून पंखावरचं झाकण उघडावं लागे.

चंपतरावांचा संशय जन्मजात असावा, पण तो पक्का झाला त्याला कारण घडलं होतं. मूळचे ते पारशिवनीचे. तरुणपणी त्यांच्याबरोबर विमान शिकणारा एक मित्र होता. जमीन सोडल्यावर थोड्याच वेळात त्याचं इंजिन गेलं. तो धावपट्टीकडे मागे वळायला गेला, वळता वळता वेग संपला आणि विमान दगडासारखं खाली आलं. चंपतराव ते खाली उभं राहून पाहत होते. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. चंपतराव तेव्हापासून पाणीही फुंकून पिऊ लागले.

"जमीन सुटली का एकच गोष्ट मनात ठेवायची शोभाताई," ते म्हणत. "हे इंजिन आता बेइमान होणार आहे. आत्ता होणार आहे. अन् झालं, का आपला जीव मांगं पाहतो. पट्टी मांगं, घर मांगं, चहा मांगं. मांगं पाहायचं नाही. उंची नसते, वळता वळता येग मरते, अन् संग आपणही. नाक खाली करायचं. नाक खाली, तं जीव वर. समोर जे वावर दिसन, ते आपलं."

हे त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं होतं की मी वर्गात फळ्याकडे तोंड करूनही ते पुटपुटायचे. उंच गेल्यावर ते अचानक इंजिन मंद करणारा दांडा मागे ओढत आणि विचारत, "बोला, आता कुठं?" मी खाली बोट दाखवायचं. चुकलं तर ते म्हणत, "मेल्या तुम्ही. चला, पुन्हा."

क्लबचे मेकॅनिक देवराव मेश्राम. छप्पन साली त्यांनी आईवडिलांसोबत दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घेतली होती. अबोल माणूस. खांद्यावर एक फडकं कायम. रोज सकाळी ते मैनेच्या नाकापासून शेपटीपर्यंत ते फडकं फिरवत, काच, पंख, चाकं, टाकीचं झाकण, सगळीकडे. कुठे तेलाचा थेंब दिसला की थांबत. चंपतराव त्यांच्या मागून पुन्हा सगळं तपासत. देवरावांना त्याचं वाईट वाटत नसे. तपासलंच पाहिजे, असं त्यांचंही मत होतं. दोघांचं बरं चाललं होतं, निदान मला तसं वाटत होतं.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं आणि यंत्रं पुजतात. शिंपी मशीन पुजतो, ड्रायव्हर ट्रक पुजतो, तशी क्लबात मैनेची पूजा व्हायची. नारळ, झेंडूचा हार, हळदकुंकू. दुसऱ्या दिवशी दसरा, क्लबाला सुट्टी. देवराव त्या दिवशी दीक्षाभूमीवर बाहेरगावच्या लोकांना पाणी वाटायला जात आणि तिसऱ्या दिवशी कामावर येत.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्याच्या आदल्या वर्षी असंच झालं. देवराव दसऱ्यानंतर आले आणि नेहमीप्रमाणे त्यांनी फडकं फिरवलं. मैनेच्या काचेवर हळदकुंकवाचे मोठे ओघळ होते, ते ओल्या फडक्यानं साफ केले. नेमके तेव्हाच क्लबचे सेक्रेटरी दत्तोपंत हँगरात आले. दत्तोपंतांना विमानातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण सेक्रेटरी होण्यासाठी ते कळावं लागतं असं कुठे आहे?

"सवाष्णीचं कुंकू पुसावं तसं पुसलं यानं!" ते ओरडले. "याला आपल्या देवाचं वावडं असेल, म्हणून काय आपलाही देव पुसून टाकायचा?"

"साहेब, काचेतून समोरचं दिसाले पाहिजे," देवराव म्हणाले.

"काच काय ओवाळायला असते का?" मीही म्हटलं. दत्तोपंतांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सगळे चंपतरावांकडे पाहू लागले. काच डागाळलेली असली तर उतरताना काय होतं, हे त्या माणसाला झोपेतही ठाऊक. पण ते म्हणाले, "दोन दिवस राहू देतं तं काय बिघडत होतं गा देवराव?"

देवरावांनी फडकं झटकलं, खांद्यावर टाकलं आणि ते कडुनिंबाकडे निघून गेले. मला तेव्हा चंपतरावांचा जो राग आला, तो अजून पुरता उतरलेला नाही.

पुढच्या खंडेनवमीला पूजा जोरात झाली. यमुताई स्वतः ताट घेऊन आल्या होत्या. त्यांना कधीपासून धास्ती वाटत होती की मैना एक दिवस त्यांच्या नवऱ्याला दगा देणार. नाकाला लावलं, चाकांना लावलं, मग लुगडं खोचून त्या शिडीवरही चढल्या. मी खाली शिडी धरून उभी होते. वर त्यांचं काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. देवरावांनी आदल्या संध्याकाळीच टाकी काठोकाठ भरून ठेवली होती. पूजा चालू असताना ते बाहेर कडुनिंबाखाली उभे होते. दत्तोपंतांनी दोनदा तिकडे पाहिलं.

दसरा झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी देवरावांनी मैना बाहेर काढली आणि तपासली. मग चंपतराव शिडीवर चढले, झाकण उघडून पेट्रोल पाहिलं, बोट बुडवून वास घेतला, झाकण लावलं आणि खाली उतरण्याआधी तिथेच हात जोडले. असं ते कधी करत नसत. मला वाटलं, वय झालं.

मीच विमान चालवत होते. इंजिन उत्तम बोलत होतं. पट्टी सुटली, कडुनिंब खाली गेला. चार-पाच ताडांइतकी उंची मिळाली असेल, तेवढ्यात आवाज बसला. एकदम बंद नाही झाला, सर्दी झालेल्या माणसासारखा बसला. मग इंजिन दोनदा खोकलं. मग वाऱ्याचाच आवाज ऐकू येऊ लागला.

खोटं कशाला सांगू, तो पाठ केलेला मंत्र माझ्या डोक्यातून पार उडाला. माझे हात आपोआप डावीकडे वळू लागले. मागे पट्टी होती, सपाट, ओळखीची, जवळ. मान वळवली असती तर दिसली असती. सगळं अंग तिकडे ओढत होतं. तेवढ्यात माझ्या हातावर चंपतरावांचा हात पडला.

"मांगं नाही!" ते ओरडले. "माह्याकडे द्या!"

त्यांनी नाक खाली केलं. इतकं खाली की जमीन अंगावर येतेय असं वाटलं. पेट्रोलचा खटका पाहिला, स्विचं पाहिली, दांडा पुढे-मागे केला. इंजिन एकदा हुंकारलं आणि पुन्हा गप्प झालं. डावीकडे ज्वारी उभी होती, उजवीकडे संत्र्याची बाग. समोर मूग निघालेलं एक रिकामं वावर होतं.

"ते आपलं," चंपतराव म्हणाले. अगदी शांतपणे, बाजारात वांगी निवडावीत तसं. "दार उघडून ठेवा, मंग उघडत नाही." त्यांनी पेट्रोल बंद केलं, स्विचं बंद केली. चाकं काळ्या मातीत टेकली, रुतली, मैनेनं शेपटी उचलली, पुन्हा आपटली आणि धुऱ्याच्या, शेताच्या बांधाच्या, अलीकडे आम्ही थांबलो. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला. चंपतरावांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

त्या माणसानं माझा जीव वाचवला. पुढे मी त्यांच्याबद्दल जे काही सांगणार आहे, ते हे ठाऊक ठेवून ऐका.

जरा सावरल्यावर ते पंखाला धरून वर चढले आणि टाकीचं झाकण उघडलं. सूंऽ करून आवाज आला, घट्ट बसलेला डबा उघडावा तसा. त्यांनी आत पाहिलं. "पेट्रोल तं भरपूर आहे," ते स्वतःशीच म्हणाले आणि झाकण लावून उतरले.

तासाभरात दत्तोपंत जीपमधून देवरावांना घेऊन आले. तोवर वावराच्या धुऱ्यावर अर्धं गाव जमलं होतं. देवरावांनी सगळं पाहिलं, नाकावरचा पंखा हातानं फिरवला आणि इंजिन पहिल्याच हिसक्याला सुरू झालं. छान, गोड, एकसारखं. जमलेल्या लोकांत कुणीतरी हसलं.

तिथून संशय सुरू झाला. इंजिनमध्ये दोष नाही, पेट्रोल स्वच्छ, पेट्रोल भरपूर. मग मैना पडली कशी? पहिला संशय माझ्यावर. बाईमाणूस, घाबरली असेल, पेट्रोलच्या खटक्याला गुडघा लागला असेल. चंपतरावांनीही मला बाजूला घेऊन विचारलं, "खरं सांगा, लागला का?" मी म्हटलं, "तुम्हीच तो खटका हातानं पाहिलात ना? उघडा होता की बंद?" ते म्हणाले, "उघडा होता. पण म्या बरोबर पाहिला का, याचीच आता शंका येऊन राहिली." मग कुजबुज त्यांच्याकडे वळली. म्हातारे झाले, उगाच घाबरून चांगलं विमान चिखलात घातलं. मग दत्तोपंतांना आठवलं की पूजेच्या वेळी एक माणूस बाहेर उभा होता.

"ज्यानं यंत्राला हात जोडले नाहीत, त्याच्या हातात यंत्र!" ते सगळ्यांना सांगू लागले. "त्यानं मुद्दाम काही केलं नसेल कशावरून?"

दोन दिवसांत हा प्रश्न क्लबभर पसरला आणि त्यातलं प्रश्नचिन्ह कुठेतरी गळून पडलं. शनिवारी कमिटी बसणार होती. तोपर्यंत कारण सापडलं नाही तर देवरावांना काढायचं, असं दत्तोपंतांनी ठरवून टाकलं. नोकरी गेली असती तर दुसरी मिळाली असती, असं कुणी म्हणेल. पण विमान पाडणारा मेकॅनिक, असं नाव लागलेल्या माणसाला देशातल्या कुठल्या हँगरात कोण उभं करील? देवरावांना दुसरं काम येत नव्हतं आणि दुसरं काम त्यांना नकोही होतं.

मैना ओढत आणून हँगरच्या कोपऱ्यात लावली. कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम झाला. देवराव दुसरं विमान खोलून बसत आणि चंपतराव त्यांच्या मागे स्टूल टाकून बसत. काही बोलत नसत, नुसते पाहत. पाना कुठला घेतला, स्क्रू कुठे ठेवला, खिशात काय गेलं. इतकी वर्षं देवरावांच्या मागून विमान तपासणारा माणूस आता देवरावांनाच तपासत होता. एके दिवशी देवरावांच्या हातून पाना निसटला.

"काही सांगायचं असन तं सांग गा," चंपतराव म्हणाले.

"सांगाले काही नाही, साहेब," देवराव म्हणाले आणि त्यांनी पाना उचलला.

मला राहवलं नाही. "संशयाला औषध नसतं म्हणतात, ते तुमच्यावरूनच," मी चंपतरावांना म्हटलं. ते शांतपणे म्हणाले, "संशयानंच तुमचा जीव वाचवला शोभाताई." ते खरं होतं, म्हणून मी आणखी चिडले.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर यमुताईंनी मला घरी बोलावलं. दसऱ्याचं सोनं द्यायचं राहिलं होतं. मी गेले, आपट्याची पानं दिली-घेतली, चिवड्याची बशी पुढे आली. चंपतराव चुलीपाशी जाऊन दुधाचा वास घेत होते. यमुताईंचा चेहरा उतरलेला होता.

"सारं तं नीट केलं होतं वं शोभा," त्या म्हणाल्या. "कुठं कमी पडलं, तेच समजून नाही राहिलं. यंदा तं मी त्याच्या तोंडालेही लावलं."

चंपतरावांनी दुधाचं भांडं खाली घेतलं. "कोणत्या तोंडाले?"

"आता तोंड म्हणजे तोंड! जिथून तुम्ही त्याले पाजता ते. वरतं. जात्याच्या तोंडाले आपण लावतो, चुलीच्या तोंडाले लावतो, उखळाले लावतो. अन् याच्या नुसत्या नाकाले लावता, तोंड कोरडंच. मी म्हटलं, म्हणूनच याचं पोट भरत नसन. चांगलं हळदकुंकू कालवलं, अक्षता दाबून बसवल्या. वाऱ्यानं उडू नये म्हणून गुळाचं पाणी घातलं."

चंपतराव खाली बसले. भांडं हातातच होतं.

टाकीच्या झाकणाला एक बारीक भोक असतं. जेवढं पेट्रोल खाली उतरतं, तेवढी हवा त्या भोकातून आत जावी लागते. गोडेतेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर धार अडकते, म्हणून आपण दुसऱ्या बाजूला आणखी एक पाडतो. तेच हे. हवा बंद झाली की पेट्रोल अडतं, त्यातून टाकी काठोकाठ भरलेली असली तर लवकर अडतं. आणि झाकण उघडलं की हवा आत शिरते आणि रोग बरा. वावरात आलेला तो सूंऽ असा आवाज मला आत्ता पुन्हा ऐकू आला.

चंपतरावांनी हे सांगितलं तेव्हा यमुताईंना समजायला वेळ लागला नाही. "म्हणजे माह्याच हातानं..." एवढंच म्हणून त्यांनी पदर तोंडाला लावला. मग डोळे पुसून त्या नवऱ्याकडे वळल्या. "तुम्ही पाहिलं नव्हतं का? तुम्ही तं दुधातही बोट घालून पाहता."

"पाहिलं होतं," चंपतराव म्हणाले. "शिडीवर चढलो तं कुंकू दिसलं. म्हणून हात जोडले." त्यांनी भांडं जमिनीवर ठेवलं. "साऱ्या दुनियेवर संशय घेतला यमु, अन् जिथं घ्यायचा तिथं हात जोडून आलो."

आम्ही दोघं त्यांच्या स्कूटरवर तडक क्लबवर गेलो. हँगरात कुणी नव्हतं. ते शिडीवर चढले आणि झाकण काढून खाली आले. कुंकवाचा थर वाळून खापरासारखा कडक झाला होता आणि भोकाच्या जागी एक अक्षत घट्ट बसली होती. त्यांनी तोंड लावून फुंकलं. हवा गेली नाही.

मग त्यांनी माझ्या केसांकडे पाहिलं. "शोभाताई, आकडा आहे का तुमच्यापाशी?"

"कशाला?"

"एक टोचा मारला, का भोक मोकळं. कोणाले काही माहीत पडणार नाही." हे ते झाकणाकडे पाहत म्हणाले. "इन्स्पेक्शन माहं होतं. माहं लायसन जाईन. अन् यमुले सारं गाव हसन."

"आणि देवराव?"

मी आकडा दिला नाही. त्यांनी झाकण रुमालात गुंडाळून खिशात घातलं आणि म्हणाले, "उद्या पाहू." आकडे काय, यमुताईंच्या फणेरपेटीत ढीगभर असतील. माझी सायकल त्यांच्या घरी राहिली होती, तरी मी स्कूटरवर न बसता चालतच घरी गेले आणि वाटभर त्या माणसावर संशय घेत होते. त्यांनी शिकवलेली विद्या त्यांच्यावरच वापरत होते.

शनिवारी मला कुणी बोलावलं नव्हतं, तरी गेले आणि दाराशी उभी राहिले. टेबलामागे दत्तोपंत आणि कमिटीची माणसं. देवराव भिंतीला टेकून, फडकं खांद्यावर. दत्तोपंतांनी यंत्रावरची श्रद्धा, कामावरची निष्ठा वगैरे सुरू केलं. चंपतराव मध्येच उठले, खिशातून रुमाल काढला आणि झाकण दत्तोपंतांच्या हातावर ठेवलं.

"फुका," ते म्हणाले.

"काय?"

"बोलणं मंग. आधी फुका यातून."

दत्तोपंतांनी फुंकलं. गाल फुगले, डोळे मोठे झाले, शेंडीपर्यंत लाल झाले, पण हवा जाईना. माझ्या छातीवरचा दगड उतरला. झाकण जसंच्या तसं होतं.

"यात कुंकू आहे," चंपतराव म्हणाले. "माह्या बायकोनं भक्तीनं लावलेलं. मी निघताना तिनं मले सांगितलं, माहं नाव घ्या, कुंकू लावलं म्हणा, चोरी नाही केली. ते कुंकू म्या पाहिलं, अन् पाहून सोडून देलं. पाहणं माहं काम होतं. चूक माही आहे, देवरावची नाही."

खोलीत हायसं वाटल्याची हालचाल झाली. पण दत्तोपंत इतक्या सहज हरणारे नव्हते. झाकण टेबलावर आपटत ते म्हणाले, "असं कसं? रोज पुसतो ना हा? काच पुसतो, झाकण पुसतो. मग नेमकं त्याच दिवशी का नाही पुसलं?"

देवराव भिंतीपासून दूर झाले.

"मागच्या वर्षी पुसलं होतं, साहेब," ते म्हणाले.

आवाज चढला नव्हता.

"रोज त्या झाकणावरून फडकं फिरवतो," देवराव पुढे म्हणाले. "त्या दिवशी कुंकू दिसलं, तं हात आवरला. खाली भोक बुजलं आहे, हे नव्हतं ठाऊक. ठाऊक असतं तं विमान जाऊ देलं नसतं. पण फडकं फिरवलं असतं तं बुजलंच नसतं, हेही खरं आहे."

मी चंपतरावांकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं पाहिलं होतं, चिडलेलं पाहिलं होतं. लाजलेलं पहिल्यांदा पाहिलं. 'दोन दिवस राहू देतं तं काय बिघडत होतं गा,' हे स्वतःचं वाक्य त्यांना ऐकू येत असणार. काय बिघडत होतं, ते आम्ही दोघं मुगाच्या वावरात पाहून आलो होतो.

देवरावांची नोकरी राहिली. चंपतरावांना काही महिने शिकवायला बंदी झाली. ती त्यांनी एक शब्द न बोलता भोगली. यमुताईंना बाजारात लोक हसले. त्यांनी हसणाऱ्यांना विचारलं, तुमच्या चुलीच्या तोंडाले काय लावता?

पुढची खंडेनवमी आली. यमुताईंनी फक्त नाकाला कोरडं बोट टेकवलं, पण बाकीच्यांनी काचेवर नेहमीसारखे ओघळ केलेच. दसरा झाल्यावर सकाळी मी पोहोचले तेव्हा चंपतराव ओलं फडकं हातात घेऊन मैनेपाशी उभे होते आणि देवराव समोरून येत होते.

"घे गा देवराव," चंपतरावांनी फडकं पुढे केलं. "बिनधास्त पूस. कोणी काही म्हणणार नाही. मी आहे न."

देवरावांनी फडक्याकडे पाहिलं. मग चंपतरावांकडे पाहिलं. दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"तुम्हीच पुसा साहेब," ते म्हणाले. "मी पाहतो."

चंपतरावांनी पुसलं. काच, नाक, चाकं, मग शिडीवर चढून झाकण. देवराव मागे स्टुलापाशी उभे राहून पाहत होते. चंपतराव उतरल्यावर ते वर चढले, झाकण काढून उजेडाकडे धरलं, भोकातून फुंकलं आणि मान हलवली. मग मैना बाहेर काढली.

चंपतराव क्लबात असेपर्यंत दर दसऱ्यानंतर हे असंच होत राहिलं. निवृत्तीच्या आदल्या वर्षी काच पुसून झाल्यावर चंपतराव माझ्याजवळ आले. देवराव वर झाकण तपासत होते. त्यांच्याकडे पाहत ते हळूच म्हणाले, "शोभाताई, याले अजूनही माह्यावर भरवसा नाही का?"

"काहून असावा?" मी विचारलं.

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी फडकं पिळलं आणि कडुनिंबाच्या फांदीवर वाळत घातलं.